आकाश कोणाच्या मालकीचे?

देशातील दूरचित्रवाणीच्या प्रेक्षकांनी गेल्या काही वर्षांत एक महत्त्वाचा निवाडा दिला आहे. त्यासाठी त्यांनी सभा भरवली नाही की मोर्चा काढला नाही. महिन्याचे पैसे भरणे तेवढे थांबवले. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, म्हणजे ‘ट्राय’च्या, आकड्यांप्रमाणे मार्च २०२४ च्या अखेरीस देशात पैसे भरून चालणाऱ्या डीटीएच जोडण्या सुमारे ६ कोटी २० लाख होत्या. पुढल्या मार्चअखेर त्या ५ कोटी ७० लाखांच्या खाली आल्या. एका वर्षात जवळजवळ पन्नास लाख जोडण्या गळाल्या! दुसरीकडे दूरदर्शनची ‘फ्री डिश’ ही निःशुल्क सेवा चार कोटींहून अधिक घरांत पोचली असल्याचा अंदाज आहे. अंदाज म्हणावयाचे कारण इतकेच, की ती पाहण्यासाठी कोणाच्या दप्तरी नाव नोंदवावे लागत नाही, अर्ज करावा लागत नाही आणि महिनाअखेर कोणी पैसे मागावयास दारी येत नाही.

गळालेली सगळी घरे दूरदर्शनकडे वळली असे मात्र कोणी समजू नये. शहरातील पुष्कळ सुशिक्षित कुटुंबांनी केबल सोडून मोबाईलवरील करमणुकीची वर्गणी धरली आहे. म्हणजे एका सावकाराचे खाते बंद करून दुसऱ्याचे उघडले आहे. हा प्रश्न केवळ दरमहा दोन-चारशे रुपये वाचवण्याचा असता, तर त्यावर अग्रलेख खर्ची घालण्याचे कारण नव्हते. परंतु निःशुल्क वाहिन्यांकडे वळावे की नाही या घरगुती हिशेबाच्या पोटात एक मोठा सार्वजनिक प्रश्न दडलेला आहे. ज्या आकाशातून ही चित्रे येतात ते आकाश कोणाच्या मालकीचे, हा तो प्रश्न होय.

थोडा इतिहास आठवावा. दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी आणि मुंबईत २ ऑक्टोबर १९७२ रोजी दूरचित्रवाणी सुरू झाली. त्या काळी पोस्टात जाऊन संचाचा वार्षिक परवाना काढावा लागे. ऐंशीच्या दशकाच्या मध्यास तो परवाना गेला आणि गच्चीवरच्या अँटेनात जे येईल ते पाहण्यास पैसा पडेनासा झाला. १९९१ च्या आखाती युद्धाने परदेशी उपग्रह वाहिन्यांची ओढ लावली. १९९२ साली ‘झी’ आली आणि या इमारतीवरून त्या इमारतीवर केबलच्या तारा लोंबू लागल्या. कायदा आला तो त्यानंतर, १९९५ साली. तोवर केबलवाला हा मध्यमवर्गीय वसाहतींत दूधवाल्याइतकाच नित्याचा झाला होता, आणि तो मागेल ती रक्कम देण्याची सवयही लागून गेली होती.

पुढे या व्यवहाराला शिस्त लावण्याचे प्रयत्न एकामागून एक झाले. २००४ साली दर गोठवण्यात आले. २००६ च्या अखेरीस मुंबई, दिल्ली व कोलकाता यांच्या काही भागांत सेट टॉप बॉक्सची सक्ती आली. ३१ ऑक्टोबर २०१२ पासून अवघ्या मुंबईत, आणि ३१ मार्च २०१३ पासून पुणे, नागपूर, नाशिक आदी शहरांत केबलचे डिजिटलीकरण झाले. प्रत्येक वेळी ग्राहकाला आश्वासन एकच मिळाले : आता तुम्हांला हवे तेवढेच पाहा आणि पाहाल तेवढ्याचेच पैसे द्या. आणि प्रत्येक वेळी घडले ते असे, की पेटी नवी आली आणि बिल वाढले.

२०१९ साली अमलात आलेला नवा दरआदेश हा या मालिकेतील सर्वांत महत्त्वाकांक्षी प्रयत्न होता. सर्वोच्च न्यायालयापर्यंत झगडून ‘ट्राय’ने तो लागू केला. प्रत्येक सशुल्क वाहिनीची किंमत जाहीर झाली आणि ग्राहकाला सुट्या वाहिन्या निवडण्याचा अधिकार मिळाला. पण मेख होती ती निराळीच. एकही सशुल्क वाहिनी न घेता, केवळ पहिल्या शंभर वाहिन्यांच्या वहनासाठी १३० रुपयांपर्यंत शुल्क आकारण्याची मुभा होती. त्यावर १८ टक्के कर धरला की रक्कम १५३ रुपये ४० पैसे होते. वर्षाकाठी १,८४० रुपये ८० पैसे. ज्या निःशुल्क वाहिन्यांसाठी वाहिनीवाला स्वतः एक पैसा मागत नाही, त्या पाहण्याचा हा खर्च! पुढे त्याच रकमेत दोनशे वाहिन्या देण्याचे बंधन आले खरे. परंतु जुलै २०२४ मध्ये या शुल्कावरील कमाल मर्यादाच काढून घेण्यात आली.

वाहिन्यांच्या निवडीचेही तेच झाले. वाहिनीवाल्यांनी लोकप्रिय वाहिनीची सुटी किंमत चढी ठेवली आणि ती दहा-बारा दुय्यम वाहिन्यांच्या मोळीत बांधून मोळी स्वस्त केली. सुटी काठी महाग आणि अख्खी मोळी स्वस्त असा बाजार मांडल्यावर कोणता शहाणा काठी घेईल? मोळीत घालावयाच्या वाहिनीची किंमत १९ रुपयांहून अधिक नसावी असा नियम होता. २०२० साली ती मर्यादा १२ रुपयांवर आणण्याचे ठरले. वाहिनीवाले मुंबई उच्च न्यायालयात गेले, वाद लांबला आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये मर्यादा पुन्हा १९ रुपयांवर जाऊन बसली. फेब्रुवारी २०२३ मध्ये तर कहर झाला. नव्या दरांचे करार करण्यास ज्या केबल कंपन्या तयार नव्हत्या, त्यांचे प्रक्षेपण मोठ्या वाहिनीसमूहांनी बंद केले आणि ज्यांनी इमानेइतबारे पैसे भरले होते त्यांच्या पडद्यावर अंधार पसरला. दोन बैलांच्या झुंजीत झाडाचा चुराडा होतो म्हणतात, तो असा.

बरे, पैसे भरून जाहिरातींपासून तरी सुटका आहे काय? नियमाप्रमाणे तासाला बारा मिनिटांहून अधिक जाहिराती दाखवता येत नाहीत. त्यांतील दहा मिनिटे व्यापारी जाहिरातींची आणि दोन मिनिटे वाहिनीच्या स्वतःच्या प्रसिद्धीची. सशुल्क आणि निःशुल्क असा भेद या नियमात नाही. ‘ट्राय’ने २०१२ साली त्याच्या अंमलबजावणीचा आग्रह धरला, तेव्हा वाहिनीवाल्यांनी २०१३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाचे दार ठोठावले. म्हणजे सशुल्क वाहिनीचा प्रेक्षक एकदा खिशातून पैसे देतो आणि दुसऱ्यांदा आपला वेळ देतो. नाटकाचे तिकीट काढून आत गेलेल्या माणसाला प्रत्येक प्रवेशानंतर साबण विकावयास कोणी आले, तर तो व्यवस्थापकाची गचांडी धरील. दिवाणखान्यात मात्र तोच माणूस निमूट बसून असतो!

या पार्श्वभूमीवर निःशुल्क सेवेचा विचार करावयास हवा. दूरदर्शनने ती १६ डिसेंबर २००४ रोजी ‘डीडी डायरेक्ट प्लस’ या नावाने सुरू केली. ‘फ्री डिश’ हे नाव पुढचे. इस्रोच्या जीसॅट-१५ या उपग्रहावरून तिचे प्रक्षेपण होते. लहानशी छत्री, तिच्या तोंडावरचा एलएनबी, केबलचा तुकडा आणि सेट टॉप बॉक्स एवढे साहित्य लागते, आणि त्याचा एकदाच करावयाचा खर्च दोन हजार रुपयांच्या आसपास असल्याचे प्रसार भारतीच सांगते. वर सांगितलेल्या १,८४० रुपयांशी याची तुलना वाचकांनीच करून पाहावी. पहिल्या वर्षी दोन्ही पारडी जवळजवळ सारखी राहतात. दुसऱ्या वर्षापासून एक पारडे रिकामे होते. उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर असल्यामुळे मुंबई-पुण्याकडील गच्चीवर छत्रीचे तोंड आग्नेयेस करावे लागते आणि त्या बाजूचे आकाश मोकळे असावे लागते. मुसळधार पावसात चित्र काही काळ फुटते. पण ती अडचण पैसे भरलेल्या डीटीएच छत्रीलाही चुकलेली नाही. ज्यांना छत्री लावणे शक्य नाही, त्यांनी निदान केबलवाल्याने सुचवलेले पॅक नाकारून केवळ निःशुल्क वाहिन्या मागाव्यात. तसा अधिकार नियमांनी प्रत्येक ग्राहकाला दिलेला आहे; तो वापरणारे मात्र थोडे.

या सल्ल्यावर काही आक्षेप येतील आणि ते खोटे नाहीत. पहिला आक्षेप असा, की निःशुल्क वाहिन्यांवर पाहण्याजोगे असते काय? जुने चित्रपट, दक्षिणेकडील चित्रपटांची हिंदी रूपांतरे आणि घरबसल्या खरेदीचा बाजार यांनी तेथील पुष्कळसा वेळ व्यापलेला आहे, हे मान्य केलेच पाहिजे. घरातील वडीलधाऱ्यांना रोज संध्याकाळी लागणाऱ्या लोकप्रिय मराठी मालिका सशुल्क वाहिन्यांवरच असतात, हेही खरे. गेल्या काही वर्षांत ‘फक्त मराठी’, ‘शेमारू मराठीबाणा’ यांसारख्या वाहिन्या फ्री डिशवर आल्या. तरी मराठी प्रेक्षकाच्या वाट्याला तेथे हिंदीच्या मानाने फारच थोडे येते. क्रिकेटचे तेवढे बरे आहे. २००७ च्या कायद्यामुळे राष्ट्रीय महत्त्वाच्या म्हणून अधिसूचित झालेल्या सामन्यांचे प्रक्षेपण खासगी वाहिन्यांना प्रसार भारतीबरोबर वाटून घ्यावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली ते प्रक्षेपण दूरदर्शनची भूप्रसारण यंत्रणा आणि फ्री डिश यांपुरतेच मर्यादित केले. तेव्हा अशा सामन्याच्या दिवशी झोपडीवरच्या छत्रीला जे मिळते, तेच उपनगरातील सदनिकेत क्रीडावाहिनीचे पैसे मोजून मिळवावे लागते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. निःशुल्क म्हणून जे मिळते ते टिकेल कशावरून? अनुभव तर उलटाच आहे. फ्री डिशवर खासगी वाहिन्यांना जागा मिळते ती लिलावाने, आणि एकेका जागेला कोट्यवधी रुपये पडतात. देशातील चार मोठ्या समूहांनी आपल्या हिंदी करमणुकीच्या वाहिन्या २०१९ साली तेथून काढून घेतल्या, कारण फुकट दाखवल्याने सशुल्क धंदा बसतो असे त्यांना वाटले. ग्रामीण प्रेक्षक हातचा गेला आणि त्याबरोबर जाहिरातीही जाऊ लागल्या, तेव्हा २०२० साली त्याच वाहिन्या परतल्या. २०२२ च्या एप्रिलात त्या पुन्हा गेल्या. प्रेक्षकाला यांपैकी कोणत्याही वेळी कोणी विचारले नाही. एकच वाहिनी एकीकडे फुकट आणि दुसरीकडे पैसे घेऊन दाखवण्याचा प्रकारही चाले. फ्री डिशवर विनामूल्य दिसणारी वाहिनी सर्वत्र निःशुल्कच असली पाहिजे, असा दंडक ‘ट्राय’ला जुलै २०२४ मध्ये घालावा लागला, यावरून या बाजाराची रीत ध्यानात यावी.

तिसरा आक्षेप केबलवाल्याच्या पोटाचा आहे. तो आम्ही तुच्छ मानत नाही. गल्लीतील केबलचालक हा बहुधा स्वतःच्या कष्टावर उभा राहिलेला तरुण. वाहिनीवाले आणि बड्या केबल कंपन्या यांच्या जात्यात तोही ग्राहकाइतकाच भरडला गेला आहे. परंतु त्याच्या तारेला आज इंटरनेटचे काम आहे, आणि अनेकांनी ते धरलेही आहे. त्याच्या उपजीविकेसाठी ग्राहकाने न पाहिलेल्या वाहिन्यांचे पैसे भरत राहावे, हा काही त्यावरचा उपाय नव्हे.

आता मूळ प्रश्नाकडे यावे. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एक निर्णय दिला. त्याला निमित्त होते १९९३ च्या हीरो चषक क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणावरून केंद्र सरकार व बंगाल क्रिकेट संघटना यांच्यात झालेल्या वादाचे. न्यायमूर्ती पी. बी. सावंत या महाराष्ट्राच्या सुपुत्राने त्यात निःसंदिग्ध शब्दांत सांगितले, की प्रक्षेपण वाहून नेणाऱ्या आकाशलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. तिचा विनियोग सार्वजनिक हितासाठी, स्वायत्त अशा सार्वजनिक यंत्रणेच्या देखरेखीखाली झाला पाहिजे. या मालमत्तेवर सरकारची मक्तेदारी नको आणि धनिकांचीही नको, असा त्या निर्णयाचा आशय आहे. प्रसार भारतीचा १९९० साली मंजूर होऊन धूळ खात पडलेला कायदा १९९७ साली अमलात आला, त्यामागे या निर्णयाचे बळ होते.

म्हणजे फ्री डिशवरची चित्रे ही सरकारने गरिबांना घातलेली भीक नव्हे. तो नागरिकाच्या मालमत्तेचा त्याला मिळणारा, आणि तोही अपुरा, उपभोग आहे. शहरी मध्यमवर्गाने हे कधी ध्यानात घेतले नाही. ‘फुकटचे ते गरिबांचे’ असे म्हणून त्याने नाक मुरडले आणि तो पैसे देऊन वेगळ्या दाराने आत गेला. महापालिकेच्या शाळांचे काय झाले हे आठवून पाहावे. शिकल्या-सवरल्या वर्गाची मुले त्या शाळांतून बाहेर पडली, तेव्हा त्या शाळांविषयी तक्रार करणारा आणि ती तक्रार ऐकावयास लावणारा आवाजही बाहेर पडला. सरकारी दवाखान्यांची आणि शहरातील बससेवेची कथा निराळी नाही. सार्वजनिक गोष्टीतून बोलका वर्ग निघून गेला की ती गोष्ट मुकी होते, आणि मुक्या गोष्टीची हेळसांड करावयास कोणत्याही सरकारला संकोच वाटत नाही. दूरदर्शनचे नेमके हेच झाले आहे.

याच दूरदर्शनच्या मुंबई केंद्राने सत्तरच्या दशकात, तुटपुंज्या साधनांत, ‘गजरा’ दाखवला, ‘प्रतिभा आणि प्रतिमा’मधून साहित्यिक व कलावंत घराघरांत आणले, चिं. वि. जोशींच्या चिमणरावाला दिलीप प्रभावळकरांचा चेहरा दिला आणि ‘आमची माती, आमची माणसं’मधून शेतकऱ्याशी त्याच्या भाषेत बोलणे केले. शेतीपासून साहित्यापर्यंतचे सारे विषय त्या एका वाहिनीवर नांदत होते आणि गिरणी कामगार व प्राध्यापक ते एकाच वेळी पाहत होते. ‘सह्याद्री’ ही त्या परंपरेची वारस. तिच्याजवळ माणसे नाहीत, पैसा नाही आणि उमेद नाही, असे चित्र आज दिसत असेल तर त्याचा जाब विचारावयाचा कोणी? जो तिला पाहतच नाही, तो कोणत्या तोंडाने विचारणार?

पैसाच नाही अशी सबब सरकारला सांगता यावयाची नाही. प्रसारण यंत्रणेच्या आधुनिकीकरणासाठी केंद्रीय मंत्रिमंडळाने जानेवारी २०२३ मध्ये २,५३९ कोटी ६१ लाख रुपयांची योजना मंजूर केली. दुर्गम, आदिवासी व सीमाभागांत आठ लाख सेट टॉप बॉक्स वाटण्याचे तीत होते. फ्री डिशच्या लिलावाचे उत्पन्न निराळेच. परंतु यंत्रे आधुनिक करून कार्यक्रम आधुनिक होत नसतात. दूरदर्शनचे दुखणे यंत्रांत नसून स्वातंत्र्यात आहे. बातमीपत्र हे सरकारी पत्रक वाटू लागले की प्रेक्षक उठून जातो, मग ते कितीही सुस्पष्ट दिसो! न्यायालयाने स्वायत्त यंत्रणा सांगितली होती. सरकारचे कर्णे वाजवणारे खाते सांगितले नव्हते. सरकारे बदलली, पक्ष बदलले. ही एक खोड मात्र कोणत्याही पक्षाने सोडलेली नाही.

तेव्हा आमचे म्हणणे थोडक्यात असे. प्रत्येक कुटुंबाने आपल्या बिलाचा हिशेब एकदा शांतपणे मांडावा, ज्या वाहिन्या घरात कोणी पाहत नाही त्या काढून टाकाव्यात आणि जमेल त्याने निःशुल्क सेवेकडे वळावे. गृहनिर्माण संस्थांनी गच्ची विद्रूप होते म्हणून सरसकट छत्र्यांना मनाई करण्याऐवजी साऱ्या इमारतीसाठी एक सामाईक छत्री बसवण्याचा विचार करावा. अंतर्गत उपग्रह ट्यूनर असलेल्या संचांचे मानक तयार झाले आहे. तसे संच बाजारात सर्रास मिळतील हे सरकारने पाहावे, म्हणजे वेगळी पेटी घेण्याचेही कारण उरणार नाही. प्रसार भारतीने फ्री डिश म्हणजे जागा भाड्याने देण्याची चाळ समजू नये. मराठीसारख्या भाषेतील बातम्या, नाटक, संगीत आणि बालकांचे कार्यक्रम यांना तेथे लिलावाच्या बोलीवर अवलंबून नसलेली, कायमची जागा हवी. आणि लिलावाच्या उत्पन्नाचा ठरावीक हिस्सा ‘सह्याद्री’सारख्या प्रादेशिक वाहिन्यांच्या निर्मितीवर खर्च व्हावयास हवा.

यांतील पहिली गोष्ट ज्याची त्याला आजच करता येईल. उरलेल्यांसाठी झगडावे लागेल, आणि तो झगडा निःशुल्क वाहिनीसमोर रोज बसणारा, तिच्यावर रागावणारा, पत्र लिहून जाब विचारणारा प्रेक्षकच करू शकेल. आकाश कोणाच्या मालकीचे, याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच आपल्या बाजूने दिला आहे. ताबा घेण्याचे तेवढे आपण अजून मनावर घेतलेले नाही.